प्राणिशास्त्रवाले आणि जीवाश्मवाले एका टेबलावर कसे बसवायचे (लातूरकडच्या अनुभवावरून)

आधीच सांगतो, मी कुणी मोठा तज्ज्ञ नाही. झूलॉजीत एमएस्सी केली, आता एका कॉलेजात पोरांना बायोलॉजी शिकवतो. चारेक वर्षांपूर्वी आम्ही लातूर, अंबाजोगाई, नांदेडकडचे पाच-सहा जण जमलो, निम्मे प्राणिशास्त्राचे, निम्मे भूशास्त्राचे, आणि ठरवलं की प्राण्यांची शरीरं अशी का आहेत, लाखो वर्षांत ती कशी बदलत आली हे दोन्ही बाजूंनी मिळून बघायचं. ठरवलं एका संध्याकाळी आणि जमायला दीड वर्ष गेलं. त्या दीड वर्षातले घोळ तुम्ही करू नये म्हणून हे लिहितोय. परवा परभणीकडच्या एका मुलीने मेसेज करून विचारलं, सर आम्हालाबी असा ग्रुप काढायचाय, सुरुवात कुठून करू? तिला फोनवर सांगता सांगता बॅटरी संपली, म्हणून लिहूनच टाकतो.

मिळून कामून करायचं हा प्रश्न पहिल्यांदा येतोच. झूलॉजीवाल्यासमोर जिवंत प्राणी असतो, तो चालतो कसा, चावतो कसा, स्नायू कुठे चिकटतो हे त्याला ठाऊक असतं पण त्याची गोष्ट आजच्या दिवसाची. जीवाश्मवाल्याकडे काळ असतो, चिक्कार असतो, पण हातात मात्र अर्धा जबडा नाहीतर मणक्याचा तुकडा. दोघांकडे एकेक पान आहे आणि दोघांनाही वाटतं आपल्याकडेच पुस्तक आहे.

१. विषय ठरवू नका, हाड ठरवा

आमची पहिली बैठक म्हणजे बैठक नव्हतीच, कार्यक्रम होता. बॅनर छापला, एका कॉलेजचा हॉल मिळाला, पाहुणे दीड तास उशिरा आले, मग सत्कार, मग साठ स्लाइडचं भाषण. झूलॉजीवाले डावीकडे बसले, जिऑलॉजीवाले उजवीकडे, लग्नात वरपक्ष-वधूपक्ष बसतो तसे. प्रश्न विचारा म्हटलं तर एकाने विचारलं सर्टिफिकेट कधी मिळणार. संपलं.

खरी बैठक झाली ती नंतर चहाच्या टपरीवर. आमच्यातल्या एका जिऑलॉजीच्या मित्राने खिशातून बोकडाच्या मागच्या पायाच्या घोट्याचं हाड काढलं आणि टेबलावर ठेवलं. अंगठ्याच्या पेरापेक्षा थोडं मोठं, गुळगुळीत. म्हणाला, याला वरूनही खाच आहे आणि खालूनही, मोटेच्या चाकाला असते तशी. सांग, कशाला लागतात दोन चाकं? तिथून जे बोलणं सुरू झालं ते टपरी बंद होईपर्यंत चाललं.

म्हणून माझा सल्ला साधा आहे, पहिल्या वर्षी हेच हाड घ्या. शेळी, मेंढी, गाय, म्हैस, डुक्कर, हरीण, नीलगाय, उंट, सम खुरांच्या सगळ्या प्राण्यांत या हाडाला वर आणि खाली दोन्हीकडे चाक असतं, त्यामुळे पाय पुढे-मागे झक्कास दुमडतो पण बाजूला फारसा वळत नाही. घोड्या-गाढवाचं बघा, वर खोल चाक आणि खाली जवळपास सपाट. कुत्र्याचं बघा, खाली गोल डोकं. तीन हाडं शेजारी ठेवली की दहावीच्या पोरालाही फरक दिसतो, आणि हे हाड भरीव असल्यामुळे नदीच्या गाळातही बऱ्यापैकी टिकतं. म्हणजे दोन्ही पक्षांकडे एकच वस्तू असू शकते. हे फार महत्त्वाचं आहे.

आणि या एका हाडावर केवढा मोठा वाद मिटला ते नव्या लोकांना जरूर सांगा. देवमासा कुणाचा नातेवाईक? जीवाश्मवाले बरीच वर्षं दातांवरून म्हणायचे की मेसोनिकिड नावाच्या नामशेष झालेल्या मांसाहारी प्राण्यांचा. डीएनए बघणारे १९९० च्या दशकात म्हणायला लागले, नाही, पाणघोड्याचा. दोघं एकमेकांचं ऐकेनात. मग २००१ मध्ये पाकिस्तानात सापडलेल्या, पाय शाबूत असलेल्या जुन्या देवमाशांच्या घोट्याची हाडं दोन वेगवेगळ्या टीमनी, गिंगरिच यांच्या आणि थेविसन यांच्या, जवळपास एकाच वेळी छापली. वर चाक, खाली चाक. बोकडासारखंच! मेसोनिकिडवाल्यांचा दावा तिथे ढिला पडला. पुढे २००७ मध्ये जम्मू-काश्मीरच्या कालाकोटचा इंडोहायस नावाचा जीवाश्म आला, त्याची गोष्ट तर आणखी भारी. भूशास्त्रज्ञ ए. रंगा राव यांनी गोळा केलेले दगड त्यांच्या मागे घरीच पडून होते, ते त्यांच्या पत्नीकडून थेविसन यांच्याकडे गेले, तिथे साफसफाई करताना टेक्निशियनच्या हातून कवटीचा कानाजवळचा भाग चुकून फुटला आणि आत जाड हाड दिसलं, तसं हाड देवमाशाच्या कानात असतं. छोट्या हरणासारखा प्राणी आणि कान देवमाशाचा.

पहिल्या भेटीत एवढं सांगा, स्लाइड लागत नाही.

२. माणसं कुठे मिळतात

झूलॉजीवाले सगळीकडे आहेत, प्रत्येक सीनियर कॉलेजात विभाग आहे. छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात प्राणिशास्त्र विभाग आहे. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात तर भूशास्त्र संकुल आणि जीवशास्त्र संकुल एकाच आवारात आहेत, म्हणजे दोन पक्ष चालत जायच्या अंतरावर. बाहेरचं बघायचं तर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात प्राचीन हाडांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा आहे आणि तुलनेसाठी आजच्या प्राण्यांचे सांगाडे ठेवलेत. भारतीय प्राणी सर्वेक्षणचं (झेडएसआय) पश्चिम विभागाचं केंद्र पुण्यात आकुर्डीला, आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणचं (जीएसआय) मध्य विभागाचं ऑफिस नागपूरला.

पण खरं सांगू का, आमच्या ग्रुपात सगळ्यात उपयोगी पडलेली तीन माणसं यातली नाहीतच. एक जनावरांचे डॉक्टर, एक खाटीक चाचा आणि एक नाथसागरावर मासे धरणारे भोई काका. डॉक्टरांना कोणत्या बैलाचा सांधा का झिजला ते कळतं. चाचांना डोळे मिटून शेळी का मेंढी ते हाड चाचपून सांगता येतं (शेळी-मेंढीची हाडं ओळखणं हे भल्या भल्या अभ्यासकांनाही अवघड जातं, दात-जबडा आणि काही ठरावीक सांध्यांच्या टोकांवरच भरवसा ठेवावा लागतो). पहिल्यांदा मी त्यांना म्हटलं, चाचा, मागच्या पायाचा घोटा न फोडता द्या, तर म्हणाले, सर सूप करायचंय का कुणाचं मोडलंय घरात? आता दर रविवारी डबी भरून बाजूला ठेवतात.

निमंत्रण देताना एक करा, पत्रात "आंतरविद्याशाखीय" शब्द घालू नका. तो वाचला की माणूस समजतो हे कागदोपत्री काम आहे. सरळ लिहा की अमुक हाड आहे, तुम्हाला त्यात काय दिसतं ते बघायला या.

३. कागद आधी, हाड मग

इथे लोक फसतात, आम्हीही फसलो असतो. जंगली प्राण्याचं रस्त्यावर मेलेलं धड दिसलं, काळवीट म्हणा, खोकड म्हणा, तरी उचलायचं नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ आहे, मेलेला संरक्षित प्राणी आणि त्याचे अवयव ही सरकारची मालमत्ता धरली जाते. "सर मी तर फक्त कवटी घेतली अभ्यासाला" हे चालत नाही. वन विभागाकडे संस्थेच्या लेटरहेडवर लेखी अर्ज करा, मंजुरी हातात येईपर्यंत फोटोवर भागवा.

पाळीव प्राण्यांचं सोपं आहे पण गोवंशाच्या बाबतीत जपून. महाराष्ट्रात २०१५ पासून बैल-वळूच्या कत्तलीलाही बंदी आहे, त्यामुळे नैसर्गिकरीत्या मेलेल्या बैलाची हाडं गाडीतून नेताना मालकाचं लेखी आणि जनावरांच्या डॉक्टरांचा दाखला सोबत ठेवाच. आमच्या एका पोराला रात्री औशाच्या पुढे गावकऱ्यांनी अडवलं होतं, गोणीत काय आहे म्हणून. दाखला होता म्हणून तासाभरात सुटला, नाहीतर काय झालं असतं ते नको वाटतं.

जीवाश्मांसाठी असा नेमका कायदा अजून रुळलेला नाही, २०२२ मध्ये भूवारशाच्या विधेयकाचा मसुदा आला होता. पण म्हणून मोकळं रान समजू नका. जमीन कुणाचीतरी असते, नदीपात्र सरकारचं असतं. तर सोबत एवढे कागद ठेवा:

- संस्थेचं पत्र, त्यात येणाऱ्यांची नावं आणि तारखा
- शेतमालकाची लेखी परवानगी, नदीपात्रात जायचं तर तहसीलला दिलेल्या पत्राची पोच
- वन विभागाची मंजुरी, लागू असेल तर
- पाळीव जनावराचा दाखला
- सापडलेली वस्तू शेवटी कुठे जमा होणार ते लिहिलेला एक कागद, सगळ्यांच्या सह्यांसह

शेवटचा कागद कुणीच करत नाही, आणि भांडणं सगळी त्याच्यावरूनच होतात.

४. नदीवर जायच्या आधी कपाटं उघडा

नवीन लोकांना लगेच फिल्डवर जायचं असतं, टोपी घालून फोटो काढायचे असतात. थांबा जरा. मराठवाड्यातल्या जुन्या कॉलेजांच्या झूलॉजी म्युझियममध्ये सांगाडे धूळ खात पडलेत, जिऑलॉजीच्या कपाटात कधीकाळी कुणीतरी आणलेले "दगड" आहेत. दोन्हीकडची माणसं दोन्हीकडची कपाटं बघायला न्या. आम्हाला एका कपाटात "म्हैस" अशी चिठ्ठी लावलेला घोड्याचा जबडा मिळाला, तीस वर्षं पोरं त्यावर परीक्षा देत होती!

कपाट उघडण्याची ताकद काय असते याचं आपल्याच देशातलं उदाहरण म्हणजे सनाजेह साप. भूवैज्ञानिक सर्वेक्षणचे धनंजय मोहबे यांनी १९८० च्या दशकात गुजरातेत धोली डुंगरीला डायनासोरच्या अंड्यांचा एक दगड काढला. त्यातली हाडं तेव्हा डायनासोरच्या पिल्लाची धरली गेली. २००१ मध्ये जीवाश्मवाले जेफ्री विल्सन यांनी तो दगड बघितला आणि त्यातले काही मणके सापाचे आहेत हे ओळखलं, कारण सापाच्या मणक्यांना एकमेकांत अडकणारी जास्तीची खुंटी आणि खोबण असते. २०१० मध्ये ते छापून आलं, साडेतीन मीटरचा साप, डायनासोरच्या घरट्यात, अंड्याला वेटोळं घालून, शेजारी अर्ध्या मीटरचं पिल्लू. सगळी वर्षं दगड तोच होता. आता तुमच्या ग्रुपात सापाचे मणके हाताने चाचपलेला एकतरी माणूस आहे का, बघा.

५. आजच्या प्राण्यांची हाडं जमवणं (वास येणार, मनाची तयारी ठेवा)

जुन्या हाडाशी ताडून बघायला आजची हाडं लागतात, भरपूर लागतात, आणि याबाबतीत आपण नशीबवान आहोत. देवणी, लाल कंधारी, मराठवाडी म्हैस, उस्मानाबादी शेळी, चार जाती घराच्या दारात. एकाच जातीतली वीस हाडं बघितली की माणसाला अक्कल येते. एक मोठं, एक बारकं, एक वाकडं, आणि सगळी एकाच कळपातली. जीवाश्मवाल्याच्या हाती बहुतेक वेळा एकच नमुना असतो, त्यामुळे त्याला "हे मोठं आहे म्हणजे वेगळी जात" असं वाटायचा मोह होतो. तो मोह मोडायला ही वीस हाडं.

अजून एक, बैल खच्ची केला की पायाच्या लांब हाडांची टोकं उशिरा जुळतात आणि हाड जास्त लांब वाढतं. हे आमच्या जिऑलॉजीच्या मित्रांना माहीत नव्हतं, आणि झूलॉजीवाल्या मलाही नव्हतं, डॉक्टरांनी सांगितलं. म्हणजे गाय, वळू आणि बैल यांच्या हाडांचे तीन वेगळे ढीग पडू शकतात आणि तुम्ही खुशाल तीन जाती म्हणून बसाल. (घोट्याच्या हाडाला अशी जुळणारी टोकं नसतात, त्यामुळे त्यावरून वय नीट सांगता येत नाही, हा त्याचा तोटा.)

हाडं साफ करायची पद्धत: मांस जमेल तेवढं काढा, झाकणाच्या प्लास्टिक ड्रममध्ये साध्या पाण्यात बुडवा, आणि ड्रम घरापासून लांब ठेवा. किती लांब? मी गच्चीवर ठेवला होता. एप्रिल महिना, लातूरचं ऊन, तिसऱ्या दिवशी शेजारच्या काकू वर आल्या आणि नाकाला पदर लावून म्हणाल्या, सर, तुमच्या टाकीत काहीतरी मेलंय. तेव्हापासून ड्रम शेतात. उन्हाळ्यात काम लवकर होतं, हिवाळ्यात दुप्पट-तिप्पट वेळ धरा. मधे पाणी बदला पण चाळणीतून गाळून, नाहीतर छोटी हाडं गटारात जातात. माशाचं आणि उंदराचं काही असेल तर जाळीच्या पिशवीत बांधूनच ड्रममध्ये टाका. नंतर कपडे धुवायच्या पावडरच्या कोमट पाण्यात ठेवा, तेलकटपणा निघतो.

उकळी फोडू नका. ब्लीच तर अजिबात नको, हाड पांढरंशुभ्र दिसतं आणि पुढे पिठासारखं भुगा व्हायला लागतं. मग सावलीत वाळवा, आणि प्रत्येक हाडावर नंबर. प्रत्येक, डब्यावर नाही. डबे अदलाबदल होतातच.

६. शब्दांची वही

ही वही दोन्ही बाजूंनी मिळून भरायची. आमच्या वहीतली पहिली नोंद आहे "अलीकडचं". झूलॉजीवाल्याला अलीकडचं म्हणजे गेल्या पावसाळ्यातलं, जिऑलॉजीवाल्याला अलीकडचं म्हणजे होलोसीन, ११,७०० वर्षांपासून पुढचं सगळं. एकदा अर्धा तास भांडण झाल्यावर कळलं की दोघं एकच बोलतायत.

दुसरी नोंद "जात". जिवंत प्राण्यात कोण कुणाशी वीण करतं ते बघता येतं, हाडात फक्त आकार. म्हणून जीवाश्मवाल्याने जात म्हटलं की समजायचं, आकारावरून आखलेली हद्द.

तिसरी नोंद "सारखं". यावर एक पूर्ण रविवार गेला. वटवाघळाचा पंख आणि माणसाचा हात यांच्यातली हाडं एकाच मूळ आराखड्यातली, हे एक सारखेपण, रिचर्ड ओवेन यांनी १८४३ मध्ये याची व्याख्या केली. वटवाघळाचा पंख आणि फुलपाखराचा पंख हे वेगळं सारखेपण, काम एक पण मूळ वेगळं. आता गंमत बघा, वटवाघूळ आणि पक्षी. हाताची हाडं म्हणून एकाच मुळाची, पण उडण्याचा पंख म्हणून दोघांनी आपापला वेगवेगळा कमावलेला. कोणत्या पातळीवर सारखं म्हणताय ते बोलल्याशिवाय पुढे जाऊच नका.

आणि "पूर्वज" हा शब्द वहीत लाल पेनाने. सापडलेलं हाड आजच्या प्राण्याच्या थेट पणजोबाचं आहे असं दाखवणं जवळपास अशक्य असतं, बहुतेक वेळा ते चुलत घराण्यातलं असतं. "आदिम" म्हणायच्या आधीही दोनदा विचार करा, एकाच प्राण्यात पाय जुना आणि कान नवा असू शकतो, वर इंडोहायस बघितलाच की.

७. मोजमाप, म्हणजे आमची सगळ्यात मोठी चूक

सामान जास्त लागत नाही: डिजिटल व्हर्नियर, स्वयंपाकघरातला वजनकाटा, स्टँड, फोटोत ठेवायला सेंटिमीटरची पट्टी, काळं कापड. कॉम्प्युटरवर आकडेमोडीला पास्ट नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, फोटोवर खुणेचे बिंदू टाकायला टीपीएसडिग, तेही फुकट. वीसेक हाडांवर तेच ते बिंदू टाकले की आकार आणि आकारमान वेगळं काढता येतं, म्हणजे हाड नुसतं मोठं आहे की त्याची घडणच वेगळी आहे ते कळतं.

आता चूक. सहा महिने आम्ही दोघांनी बोकडांच्या घोट्याची हाडं मोजली, मी लातूरला, मित्र नांदेडला. तक्त्यात रकाना एकच, "लांबी". ग्राफ काढला तर दोन स्पष्ट ढीग! आम्ही खूश, उस्मानाबादी वेगळी निघाली म्हणून पेढे आणायचेच बाकी होते. मग एका रविवारी दोघं समोरासमोर बसलो, एकच हाड आधी त्याने मोजलं, मग मी. दीड मिलिमीटरचा फरक. परत मोजलं, परत तेवढाच. तो हाडाची बाहेरची बाजू मोजत होता आणि मी आतली. या हाडाच्या दोन्ही बाजू सारख्या लांब नसतातच, बाहेरची जास्त असते, आणि आंगेला फॉन डेन ड्रीश यांनी १९७६ मध्ये लावून दिलेल्या मोजमापाच्या पद्धतीत ही दोन वेगळी मापं आहेत, वेगळ्या नावांची. आम्ही वाचलंच नव्हतं. ते दोन ढीग शेळ्यांचे नव्हते, आमच्या दोघांचे होते.

त्यामुळे पहिल्याच दिवशी एक हाड घ्या, सगळ्यांनी तीन-तीनदा मोजा, एकमेकांचे आकडे न बघता. माणसामाणसातला फरक प्राण्याप्राण्यातल्या फरकाएवढा असेल तर मोजणं थांबवा आणि आधी पद्धत जुळवा. फोटो काढताना मोबाइल हाडाला चिकटवू नका, जवळून काढला की मधला भाग फुगतो. दोन-तीन फूट लांबून झूम करून काढा, आणि पट्टी हाडाच्या उंचीवर ठेवा, टेबलावर नको.

८. आता नदी

मराठवाडा म्हणजे काळा दगड, ६ कोटी ६० लाख वर्षांच्या आसपासचा लाव्हा. तापलेल्या लाव्ह्यात हाड टिकत नाही. तरी दर दोन महिन्यांनी कुणीतरी "डायनासोरचं अंडं" घेऊन येतंच. ते बहुतेक वेळा गारगोटीचा नाहीतर झिओलाइटचा गोळा असतो, किंवा कांद्यासारखे पापुद्रे सुटत गोल झालेला दगड. हसू नका, आणलेल्या माणसाला चहा पाजा, तोच पुढच्या वेळी खरं हाड आणतो.

आपल्याकडे खरं हाड मिळतं ते गोदावरी-मांजराच्या जुन्या गाळात. वर काळी माती, खाली पिवळसर गाळ, आणि त्याच्याही खाली वाळू-गोटे एकमेकांना घट्ट चिकटून झालेला थर, त्यात. लातूर जिल्ह्यात मांजराकाठी हरवाडीच्या बाजूला डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी बरंच काम केलंय. हत्ती आणि रानटी बैल या नद्यांच्या जुन्या गाळातून निघालेत. आणि गौताळ्याच्या डोंगरापलीकडे, चाळीसगाव तालुक्यात पाटण्याला शहामृगाच्या अंड्याची टरफलं निघाली आहेत, नक्षी कोरलेलीसुद्धा. कन्नडहून बाइकवर जाता येईल इतक्या जवळ शहामृग होते, हे सांगितलं की वर्गातली शेवटच्या बाकावरची पोरंही मान वर करतात.

जायचं मार्च ते मेमध्ये, पाणी उतरलेलं असतं. जिथे वाळूउपसा चालू आहे तिथे एकट्याने जाऊ नका आणि कॅमेरा बाहेर काढू नका, यापेक्षा जास्त लिहीत नाही.

हाड दिसलं की हात मागे. आधी लांबून फोटो, मग जवळून, जीपीएस, मग कोणत्या थरात आहे आणि टोक कुठल्या दिशेला आहे ते वहीत. दरडीत पक्कं बसलेलं आणि खाली घसरून पडलेलं, या दोन वेगळ्या पिशव्या, कारण घसरलेलं हाड कोणत्या थरातलं ते आता कुणीच छातीठोक सांगू शकत नाही. झूलॉजीवाले (मीपण) इथे उतावीळ होतात, ओढून काढतात. ओढायचं नाही, भूशास्त्रवाला म्हणेल तेव्हाच. हाडावर पांढरा चुनखडा चढलेला असतो, तो जागेवर खरडू नका, त्याबरोबर हाडावरच्या खुणाही जातात. फेविकॉल वगैरे लावू नका. टिश्यू पेपर, कापूस, डबा. मोठं आणि ठिसूळ असेल तर ओला टिश्यू लावून वरून गोणपाटाच्या पट्ट्या प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये भिजवून गुंडाळायच्या, पण हे कुणाकडून तरी शिकूनच करा.

वय काढायला कार्बन टेस्ट करू म्हणून सगळे म्हणतात. ती साधारण ५०,००० वर्षांपर्यंतच चालते आणि आपल्या उष्ण हवेत हाडातलं कोलॅजन (ज्यावर ही टेस्ट होते ते प्रथिन) बहुतेक उरलेलंच नसतं. आधी थराचं वय बघा.

९. नाव कुणाचं लागणार

कामाच्या आधी बोलून घ्या. हाड ज्याला सापडलं, ज्याने ओळखलं, ज्याने मोजलं, ज्याने लिहिलं, कोण कितव्या नंबरला. आमच्यातून एक चांगला माणूस याच कारणावरून गेला, चूक आमची होती. आणि चाचा, भोई काका, शेतमालक यांची नावं आभारात त्यांना विचारून घाला, काहींना नको असतं.

१०. पहिल्या दिवसाची तयारी

खुर्च्या गोल मांडा, माइक नको. टेबलावर शेळी, गाय, गाढव, कुत्रा यांची घोट्याची हाडं, नंबर लावून पण नावं न लिहिता. प्रत्येक झूलॉजीवाल्याशेजारी एक जिऑलॉजीवाला, जोडीने ओळखायचं. पहिला अर्धा तास कुणालाच काही येत नाही, ते बरंच आहे, दोघंही सारखेच अडाणी दिसतात. मग एका हाडाचा मुद्दाम फोडलेला तुकडा द्या, निम्मं चाक असलेला, आणि विचारा उरलेलं कसं असेल. हात धुवायला साबण-पाणी ठेवा, चिवडा हाडांच्या टेबलावर ठेवू नका, आणि कुत्रा आत येणार नाही एवढं बघा. आमच्या तिसऱ्या बैठकीत सात नंबर असाच गेला.

परभणीवाल्या ताई, गाढवाचं हाड मिळत नसेल तर कळवा, माझ्याकडे दोन आहेत.